किसास, फाशी आणि संशयाचा फायदा

गेल्या वर्षी तालुका पातळीवर वादविवाद स्पर्धा होती. विषय आला, ‘फाशीची शिक्षा रद्द करावी की नाही?’ मी उर्दू शाळेत मराठीही शिकवतो, त्यामुळे अशा स्पर्धांची तयारी करून घेणं माझ्याकडेच येतं. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. आमच्या शाळेच्या वाट्याला ‘रद्द करावी’ ही बाजू आली. बोलायला उभा राहणारा नववीतला मुलगा तरबेज, पण चिठ्ठी उघडल्यावर त्याचा चेहरा पडला. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला.

“सर, आपल्या दीनमध्ये तर किसास आहे. मग मी स्टेजवर उभा राहून फाशीच्या विरोधात कसा बोलू? अब्बा काय म्हणतील?”

शेजारी बसलेले सहकारी हसले. “अरे, स्पर्धा आहे ती. बाजू मिळाली की बोलायचं,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मला मात्र तो संपवता आला नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर येत नव्हतं. फाशीला विरोध म्हणजे काहीतरी पाश्चात्त्य, आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट, असं माझ्याही मनात कुठेतरी होतं. त्या मुलाची तयारी करून घेता घेता मीच वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात एका छोट्या पुस्तकापासून

इटलीतल्या मिलान शहरात चेझारे बेकारिया नावाचा २६ वर्षांचा तरुण होता. १७६४ साली त्याने गुन्हे आणि शिक्षा या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. भीतीपोटी त्यावर स्वतःचं नावही घातलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. माणूस गुन्ह्यापासून मागे हटतो तो शिक्षा भयंकर आहे म्हणून नव्हे, तर ती नक्की होणार आहे म्हणून. खून वाईट आहे हे शिकवण्यासाठी सरकारने स्वतः माणूस मारावा, यातली विसंगती त्याने दाखवली. गंमत म्हणजे बेकारियानेही फाशी शंभर टक्के नाकारली नव्हती. राज्यच उलथून पडण्याची वेळ आली तर, असा अपवाद त्याने ठेवला होता.

त्याचं पुस्तक युरोपभर वाचलं गेलं. २२ वर्षांनी, ३० नोव्हेंबर १७८६ रोजी, इटलीतल्याच टस्कनी संस्थानाचा राजा लिओपोल्ड याने फाशी पूर्ण रद्द केली. चार वर्षांत काही गुन्ह्यांसाठी ती परतही आली. पण एक राज्य फाशीशिवाय चालू शकतं हे लोकांनी पाहिलं होतं. पुढे १८६३ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाने सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली. त्याच काळात आपल्याकडे १८५७ च्या बंडानंतर इंग्रज झाडांना माणसं लटकवत होते. हे आठवलं की ‘पश्चिम म्हणजे दया, पूर्व म्हणजे क्रूरता’ ही मांडणी टिकत नाही.

१९४८ : एकाच हिवाळ्यातली दोन सभागृहं

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहायला घेतला. एलेनॉर रूझवेल्ट मसुदा समितीच्या अध्यक्ष होत्या. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो मंजूर झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे, पण फाशीबद्दल अख्ख्या जाहीरनाम्यात एक शब्द नाही. सोव्हिएत रशियाने ‘शांततेच्या काळात फाशी नको’ अशी दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळली गेली. दोन वर्षांच्या आत रशियाने स्वतःच देशद्रोहासाठी फाशी परत आणली. अनेक विजेते देश तेव्हा युद्धगुन्हेगारांना फासावर चढवत होते. त्यांना या विषयावर हात बांधून घ्यायचे नव्हते.

याच सुमारास, नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस, दिल्लीत आपल्या संविधान सभेत काय चाललं होतं हे वाचून मी थबकलो. झेड. एच. लारी नावाचे संयुक्त प्रांतातले मुस्लिम लीगचे एक सदस्य उभे राहिले. मूलभूत हक्कांमध्ये एक नवं कलम घाला, अशी त्यांची सूचना होती. हिंसक राजद्रोहाचा अपवाद सोडून देहदंड रद्द करावा. त्यांचा पहिला मुद्दा हा होता की न्यायाधीश माणूस असतो, त्याची चूक होऊ शकते, आणि फाशी दिल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. लीगच्या सदस्याकडे संशयाने पाहिलं जाण्याचे ते दिवस. तरीही हा माणूस एका समाजासाठी नव्हे, साऱ्या देशाच्या कैद्यांसाठी बोलत होता. सूचना मंजूर झाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ती तेव्हा स्वीकारली नाही.

पण सहा महिन्यांनी, ३ जून १९४९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या अपिलांवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनीच सांगितलं की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा आपला कल फाशीच रद्द करण्याकडे आहे. अहिंसा हे नैतिक तत्त्व मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आमच्या शाळेत १४ एप्रिलला बाबासाहेबांवर भाषणं होतात, पण हा प्रसंग मी कुणाच्या भाषणात ऐकलेला नाही. मीही कधी सांगितला नव्हता.

दरवाजा हळूहळू अरुंद करत नेणं

जगाने फाशी एका फटक्यात बंद केली नाही. आधी तिचा दरवाजा अरुंद केला. १९६६ साली संयुक्त राष्ट्रांनी नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला. १९७६ पासून तो लागू झाला. त्याचं सहावं कलम म्हणजे या इतिहासाचा कणा आहे. जिथे फाशी आहे तिथेही ती फक्त सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठी असावी. गुन्हा करताना वय १८ च्या आत असेल तर देऊ नये. गरोदर स्त्रीला फाशी देऊ नये. फाशी झालेल्या प्रत्येकाला माफी मागण्याचा हक्क असावा. आणि शेवटी एक महत्त्वाची ओळ : फाशी रद्द करणं लांबवायला या कलमाचा आधार कुणी घेऊ नये.

भारताने हा करार १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. त्याच्या बरोबर सहा दिवस आधी, ४ एप्रिलला, शेजारच्या रावळपिंडीत झुल्फिकार अली भुट्टो यांना फाशी झाली होती. अनेक देशांच्या प्रमुखांनी दयेची विनंती केली होती. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन अशा मतांनी शिक्षा कायम झाली होती. म्हणजे एका न्यायाधीशाचं मत फिरलं असतं तर माणूस वाचला असता. मार्च २०२४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मत दिलं की भुट्टोंना निष्पक्ष सुनावणी मिळाली नव्हती. ४५ वर्षांनी चूक कबूल झाली. ऐकायला भुट्टो मात्र नव्हते.

अशा चुका लोकशाही देशांतही झाल्या आहेत. लंडनमध्ये टिमोथी इव्हान्स याला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनासाठी मार्च १९५० मध्ये फाशी झाली. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार होता खालच्या मजल्यावर राहणारा जॉन क्रिस्टी. तीन वर्षांनी क्रिस्टीच्या घरात एकामागून एक स्त्रियांची प्रेतं सापडली, आणि इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारल्याचं त्याने कबूल केलं. १९६६ साली इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. ब्रिटनमध्ये १९६५ साली खुनासाठीची फाशी थांबली, त्यामागे अशा प्रकरणांचा मोठा वाटा होता.

१९७७ साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने स्टॉकहोममध्ये परिषद भरवून फाशी बिनशर्त रद्द करण्याची हाक दिली. त्या वेळी सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केलेले देश होते फक्त १६. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्समध्ये शेवटचा शिरच्छेद झाला. ज्याचा झाला तो ट्युनिशियातून मजुरीसाठी आलेला माणूस होता.

चार वर्षांनी, १९८१ मध्ये, न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांनी फ्रान्समधली फाशी संसदेत कायदा करून संपवली. बहुसंख्य जनता तेव्हा फाशीच्या बाजूने होती. बादँतेर यांच्या ज्यू वडिलांना १९४३ साली लियाँ शहरात क्लाउस बार्बी या नाझी अधिकाऱ्याच्या हुकमतीत पकडून नेलं गेलं. ते छळछावणीतून परत आले नाहीत. १९८३ साली बार्बीला पकडून फ्रान्समध्ये आणलं तेव्हा न्यायमंत्री बादँतेरच होते. बार्बीला १९८७ मध्ये जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच मेला. ‘तुमच्या घरचं कुणी मेलं असतं तर असं बोलला असता का?’ हा प्रश्न फाशीच्या चर्चेत हमखास येतो. बादँतेर यांनी त्याचं उत्तर आयुष्याने दिलं.

मतदानाची गोष्ट

युरोपने १९८३ च्या एका करारात शांततेच्या काळातली फाशी सोडली आणि २००२ च्या करारात युद्धकाळातलीही. संयुक्त राष्ट्रांनी १५ डिसेंबर १९८९ रोजी फाशी रद्द करण्यासाठी स्वतंत्र ऐच्छिक करार आणला. त्याच्या बाजूने ५९ मतं पडली, विरोधात २६, आणि ४८ देश तटस्थ राहिले.

१९९४ मध्ये इटलीने जगभर फाशीला स्थगिती मागणारा ठराव आणला. सिंगापूरने विरोधाचं नेतृत्व केलं. गुन्हेगाराला काय शिक्षा द्यायची हा प्रत्येक देशाचा स्वतःचा अधिकार आहे, हा त्यांचा मुद्दा. ठराव आठ मतांनी पडला. १३ वर्षांनी, १८ डिसेंबर २००७ रोजी, तशीच मागणी आमसभेत १०४ विरुद्ध ५४ मतांनी मंजूर झाली. विरोध करणाऱ्यांत अमेरिका, चीन, इराण, सौदी अरेबिया आणि आपला भारत एका रांगेत होते. एरवी हे पाच देश एका बाजूला क्वचितच दिसतात. बाजूने मत देणाऱ्यांत तुर्कस्तान, अल्जीरिया आणि अल्बानिया होते. डिसेंबर २०२४ मध्ये हीच मागणी १३० विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाली. भारत अजून ३२ मध्येच आहे. हे ठराव कुणावर बंधनकारक नाहीत, पण वारा कुठे वाहतो आहे ते त्यातून कळतं.

यात रवांडाची गोष्ट मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. १९९४ मध्ये तिथे शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले गेले. त्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापन झालं, पण त्याला फाशी देण्याचा अधिकार नव्हता. रवांडाने सुरक्षा परिषदेत या ठरावाच्या विरोधात मत दिलं. आमची माणसं कापणाऱ्यांना फाशी नाही, हे त्यांच्या रागाचं एक कारण होतं. राग समजण्यासारखाच होता. १९९८ मध्ये रवांडाने २२ दोषींना उघड्यावर गोळ्या घातल्या. आणि २००७ मध्ये त्याच रवांडाने फाशी रद्द केली. परदेशात लपलेले आरोपी फाशी असलेल्या देशाच्या ताब्यात द्यायला इतर देश तयार नव्हते, हे एक व्यावहारिक कारण होतंच. तरी एवढं सोसलेला देश त्या टोकापासून या टोकापर्यंत आला, हे खरं.

मुस्लिम देश कुठे आहेत?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मुस्लिम देश म्हणजे फाशी, असं आपले विरोधक म्हणतात आणि आपल्यातलेही काहीजण अभिमानाने म्हणतात. वस्तुस्थिती दोघांनाही अडचणीची आहे.

मुस्लिम बहुसंख्य असलेल्या देशांपैकी जिबूतीने १९९५ मध्ये, अझरबैजानने १९९८ मध्ये, तुर्कस्तान आणि सेनेगलने २००४ मध्ये, उझबेकिस्तानने २००८ मध्ये, सिएरा लिओन आणि कझाकस्तानने २०२१ मध्ये फाशी रद्द केली. ट्युनिशियात १९९१ पासून, अल्जीरिया आणि मोरोक्कोत १९९३ पासून कुणाला प्रत्यक्ष फाशी दिलेली नाही. तुर्कस्तानात पंतप्रधान अदनान मेंदेरेस यांना १९६१ मध्ये लष्करी राजवटीने फासावर चढवलं होतं. १९९० मध्ये त्याच देशाने त्यांचे अवशेष सन्मानाने इस्तंबूलला आणून दफन केले. आज इझमीरच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. फाशी दिलेल्या माणसाचं नाव विमानतळाला देणं म्हणजे चूक कबूल करणंच आहे.

दुसरी बाजूही लपवायची नाही. ॲम्नेस्टीच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये चीन वगळता जगात १,५१८ जणांना देहदंड दिला गेला. त्यातले ९७२ इराणमध्ये आणि ३४५ सौदी अरेबियात. जगात नोंदल्या गेलेल्या एकूण देहदंडांपैकी ४० टक्क्यांहून जास्त अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी होते. यातला किती भाग किसास आहे? किसास खुनाच्या बदल्याचा असतो. अफू-चरस वाहून नेणारा गरीब हमाल त्यात बसत नाही. हे सरकारांचे कायदे आहेत, त्यांना शरीअतचं नाव देऊन आपण सरकारांचा बोजा दीनवर टाकतो.

किसासमध्ये माफीचा दरवाजा

मी आलिम नाही, मुफ्ती नाही. शिक्षक आहे. पण जेवढं वाचलं त्यातून एवढं कळतं की कुरआनमध्ये जिथे किसासचा हुकूम आहे, तिथेच लगेच माफीची गोष्ट आहे. मारल्या गेलेल्याच्या वारसापुढे तीन वाटा आहेत : बदला, दियत म्हणजे भरपाई, किंवा माफी. आणि माफी ही अधिक चांगली म्हटलेली आहे. फिकहमधला जुना नियम आहे की शंका असेल तिथे हद्द टाळावी. न्यायाधीशाने शिक्षेत चूक करण्यापेक्षा माफीत चूक करणं बरं, ही समज आपल्या परंपरेत शेकडो वर्षांची आहे. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर (रजि.) यांनी चोरीची हद्द थांबवली. हजरत अली (रजि.) यांच्यावर विषारी तलवारीचा वार झाला, तेव्हा हल्लेखोराला जेवू-खाऊ घाला, मी वाचलो तर मी पाहीन, आणि गेलो तरी त्याची विटंबना करू नका, असं त्यांनी बजावल्याची रिवायत आहे.

म्हणून इस्लामने फाशी रद्द केली, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. माफीच्या तरतुदीचा गैरवापरही झाला आहे. पाकिस्तानात भावाने बहिणीला मारायचं आणि बापाने वारस म्हणून माफ करायचं, असे प्रकार घडले. २०१६ मध्ये त्यांना कायदा बदलावा लागला. पण एक गोष्ट नक्की. संयुक्त राष्ट्रांचं सहावं कलम जे करतं, दरवाजा अरुंद करणं, शंकेला जागा देणं, माफी मागण्याचा हक्क ठेवणं, ते आपल्या परंपरेला परकं नाही.

आणि आपलं घर

भारतात १९८० पासून ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी असा दंडक आहे. २०१५ मध्ये विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. ती धूळ खात पडली आहे.

मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. दहा वर्षांपूर्वी याच न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशी सुनावली होती. १६ वर्षं ते तुरुंगात होते, आणि त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचं प्रकरण तर आपल्याला पाठच आहे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण चार वर्षांपूर्वीच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं त्या न्यायालयाने सांगितलं आहे. अंतिम शब्द तिथे होईल. पण उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत फाशी अमलात आली असती, तर हा निकाल कुणाला वाचून दाखवायचा होता?

त्या मुलाच्या अब्बांनी घरी त्याला एकच प्रश्न विचारला होता : “जो मर गये, उनके घरवालों का क्या?” त्याने तो तसाच माझ्यापुढे ठेवला. मी खूप वेळ गप्प होतो. स्फोटांमध्ये १८९ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना १९ वर्षांनी कळलं की ज्यांना आपण खुनी समजत होतो, त्यांच्याविरुद्ध पुरावाच टिकला नाही. मग खरे खुनी कोण? चुकीच्या माणसाला फासावर चढवलं की खरा गुन्हेगार कायमचा सुटतो. मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय हवा असतो. गळ्यात दोर कुणाच्याही अडकवला तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं नसतं.

मुलाने हेच आपल्या शब्दांत स्पर्धेत मांडलं. लारींचं नाव घेतलं तेव्हा परीक्षकांपैकी एकाने ते कागदावर लिहून घेतलं. नंबर आला नाही. परत येताना एसटीत तो म्हणाला, “सर, अब्बांना अजून पटलेलं नाही. पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.”

मी म्हटलं, “बेटा, संविधान सभेतही पटलं नव्हतं.”